आधी उभं राहू द्या

"काय गड्या, झाली का झोप?" असं म्हणून लिफ्टवाल्या काकांनी उजवा पाय माझ्यावर ठेवला. डावा पाय ताईंनी उचलून ठेवला, कारण तो काकांचं ऐकत नव्हता. छातीवरून आणि मांड्यांखालून जाणारे पट्टे बांधून झाले. त्यांची दोरी वरच्या आडव्या दांड्याला अडकवली गेली. मग काका नेहमीसारखे इंचाइंचाने पुढे सरकले आणि समोरच्या कठड्याला जवळजवळ पोट टेकवून उभे राहिले.

"काका, थोडं मागे," ताई म्हणाल्या.

"नाही जमायचं. जन्मभर लिफ्टच्या पॅनेलला नाक लावून काम केलंय. मागे उभं राहिलं की चोरासारखं वाटतं."

ताई हसल्या आणि त्यांनी माझ्या पडद्यावरचं 'नवीन व्यक्ती' हे हिरवं बटण दाबलं. "बरं, तिथेच उभे राहा. पण आता हलू नका."

"हे बरं करता तुम्ही." काकांचं बोलणं आजारानंतर संथ झालं होतं, प्रत्येक शब्द आधी जिभेवर ठेवून बघितल्यासारखं, पण स्पष्ट होतं. "लिफ्टसुद्धा आधी तोलते. आत किती वजन आलंय ते बघते, मगच हलते. ही लहान होती ना, तेव्हा लिफ्टमध्ये शिरली की उड्या मारायची. मी सांगायचो, आधी उभी राहा गं. त्या बिचारीला कळू दे कोण आलंय."

'ही' म्हणजे काकांची मुलगी. ती भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर ऑफिसची बॅग, हातात फोन.

"बाबा, गप्पा नंतर. मला परत कामावर जायचंय."

"जा की. मी कुठे पळून जातोय? पळता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?"

ती हसली नाही. ओठ मात्र दाबून धरले तिने, म्हणजे हसू आलेलं होतं.

मग आम्ही चाललो. काकांचा उजवा पाय पुढे पडला की मी सरकायचो, डावा मागे रेंगाळला की मी रेंगाळायचो. त्यांना खोकला आला तेव्हा मी जवळजवळ थांबलो. खोकला संपेपर्यंत वाट बघितली, आणि त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं तेव्हा पुन्हा निघालो. शेवटी त्यांनी विचारलं, "आज कुठपर्यंत पोचलो?"

"तुमच्या दारापासून लिफ्टपर्यंत," ताई म्हणाल्या, "आणि परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत."

काकांचं मोजमाप एवढंच होतं. त्यांच्या घराच्या दारापासून इमारतीच्या लिफ्टपर्यंत एक लांब व्हरांडा होता. ती लिफ्ट वर जाताना मध्येच कण्हायची. इतरांना ती चालू दिसत होती म्हणून कुणी लक्ष देत नव्हतं, पण काकांना अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकू यायचा. त्यांना आपल्या पायांनी तिथवर जायचं होतं, दाराला कान लावायचा होता आणि तिला नेमकं काय दुखतंय ते सांगायचं होतं. ते झालं की पुढचं पुढे, असं ते म्हणायचे.

तो शेवटचा साधा दिवस होता.

मित्रांनो, एव्हाना तुम्ही मला ओळखलं असेल. मी चालायचा पट्टा आहे. बाहेर मला ट्रेडमिल म्हणतात, या हॉलमध्ये नुसतं 'पट्टा'. वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगायला येतात तेव्हा त्या बहुधा अडगळीत पडलेल्या असतात, गंजलेल्या असतात, कुणीतरी आपल्याला पुसावं एवढंच त्यांचं मागणं असतं. माझं तसं नाही. मला रोज पुसतात. जंतुनाशकाचा वास माझ्या अंगातून कधी जात नाही. माझी मोटर ठणठणीत आहे. मला फक्त राग आलेला आहे, आणि कहाणी सांगून तो उतरेल असंही मला वाटत नाही. तरी सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी माझ्या पट्ट्याखाली चार कोपऱ्यांत चार सेन्सर बसवले. बसवताना त्या श्वास रोखून धरायच्या, इतके ते नाजूक होते. माझ्यावर उभं राहणारं पहिलं ओझं म्हणजे वाळूची पोती. ती माझ्यावर ठेवायची, उचलायची, पुन्हा दुसरीकडे ठेवायची, असं करून माझी परीक्षा झाली. पोत्यांनी कधी तक्रार केली नाही. पुढे या हॉलमध्ये आलेल्या एका साहेबांना माणसंही तशीच हवी होती, पण त्यांच्याकडे मी नंतर येतो.

इथे मला आणलं त्या दिवशी फीत कापली गेली. हॉलभर फुगे होते आणि त्यातला एक भाषणाच्या मध्येच फुटला. माझा फोटो असलेलं पत्रक वाटलं गेलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चालणाऱ्याच्या मनातलं ओळखणारा पट्टा!' मित्रांनो, ही थाप होती. मला कुणाच्या मनातलं काही कळत नाही. मला वजन कळतं. पाय कुठे टेकला, टाच आधी आली की बोटं, कुठल्या पायाने किती रेटा दिला, उभं राहणारा पुढे झुकलाय की मागे, हे मला कळतं. साध्या ट्रेडमिलला तेवढंही कळत नाही. तिचा वेग ठरवून दिलेला असतो आणि माणसाने तिच्यामागे फरफटायचं असतं. मी उलटा आहे. माणूस ठरवतो, मी त्याच्या मागून जातो. तो पुढे सरकला तर मी वेग वाढवतो, मागे पडला तर कमी करतो. ज्याचा एक पाय रुसलेला आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी नाही तरी मी थांबतो.

पण मला हे जमायचं असेल तर आधी एक गोष्ट व्हावी लागते. माणसाने माझ्यावर थोडा वेळ नुसतं उभं राहावं लागतं. तेवढ्या वेळात मी त्याला शिकतो. त्याचं वजन किती, कुठल्या पायावर तो जास्त भार देतो, त्याची उभं राहायची जागा कुठली. काकांची जागा पार पुढे, कठड्याशी होती. ती एकदा मला कळली की ते पुढे उभे आहेत म्हणजे त्यांना पळायचं आहे, असा अर्थ मी काढत नसे. दुसरा कुणी एकदम तिथे सरकला तर मात्र काढला असता. म्हणून प्रत्येकाला आधी उभं करायचं. माझ्या चौकटीवर पुढच्या बाजूला दोन पिवळी पावलं रंगवलेली होती, 'इथे पाहून स्थिर उभे राहा' असं सांगायला. रोज पुसून पुसून ती झिजत गेली. पुन्हा रंगवायची असं दर वेळी ठरायचं.

कितीतरी लोक माझ्यावरून चालत घरी गेले. एक बाई होत्या, त्यांना रस्ता ओलांडण्याची भीती बसली होती. त्या माझ्यावर चालताना डावीकडे उजवीकडे बघत चालायच्या. एक गवंडी होते, ते चालताना मला शिव्या द्यायचे आणि उतरताना कठड्यावर थोपटायचे. त्या काळात माझं कौतुक व्हायचं. खरं तर कौतुक ताईंचं व्हायला हवं होतं. त्या या हॉलच्या फिजिओथेरपिस्ट. लोक माझ्यावर चालायचे ते त्यांच्या आवाजाच्या भरवशावर.

मग नवे साहेब आले.

त्यांना सगळे मागून घड्याळसाहेब म्हणायचे. इथे येण्याआधी ते एका मोठ्या गोदामात होते, तिथे माल वेळेवर सुटतो की नाही ते बघायचे. माणूस म्हणून वाईट नव्हते, असं लोक म्हणतात. मी लोकांच्या मताशी सहमत नाही. त्यांनी भिंतीवर एक मोठं वेळापत्रक लावलं आणि मग त्या वेळापत्रकात माणसं बसेनात. एकाचे पट्टे सोडायला वेळ लागायचा, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ताई त्याच्याजवळ बसून राहायच्या. साहेब खोलीच्या मधोमध उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "हे उभं राहणं कशाला? चालायला आलेत ना?"

"पट्टा माप घेतो साहेब. प्रत्येकाचं वेगळं असतं," ताई म्हणाल्या होत्या.

"रोज तेच लोक येतात. रोज काय माप बदलतं?"

बदलतं, मित्रांनो. झोप झाली नाही तर बदलतं. रात्री ताप आला असेल, सकाळी कुणी टाकून बोललं असेल, तरी बदलतं. पण माझ्या पडद्यावर हिरव्या बटणाच्या शेजारी एक नारिंगी बटण आहे, 'पुढे चालू'. चालणारा मध्येच पाणी प्यायला थांबला तर त्याच्यासाठी ते केलेलं. ते दाबलं की मी नवीन माप घेत नाही. शेवटचा जो माणूस होता, त्याच्याच मापाने, त्याच्याच वेगाने पुढे निघतो. साहेबांनी हे बटण शोधून काढलं आणि आपण फार मोठा शोध लावला असं त्यांना वाटलं.

उभं राहायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात किटलीतलं पाणीसुद्धा उकळत नाही. तेवढा वेळ त्यांना वाचवायचा होता. त्या वाचवलेल्या वेळाचं पुढे काय झालं ते मी खूप शोधलं. हॉलमध्ये तो कुठेच शिल्लक नव्हता.

त्या साध्या दिवसानंतरच्या सकाळी काकांच्या आधी माझ्यावर एक गोलकीपर होता. दांडगा तरुण, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बरा होत आलेला. तो माझ्यावर जवळजवळ धावायचा. त्याची जागा मागे होती आणि पुढे सरकला की त्याला वेग लागायचा, लगेच. तो घाम पुसत उतरला. ताई पलीकडच्या, धरून चालायच्या समांतर दांड्यांमध्ये एका बाईंना धरून उभ्या होत्या, त्यांना सोडता येत नव्हतं. काकांच्या मुलीचा फोन वाजला आणि ती व्हरांड्यात गेली. साहेब म्हणाले, "मीच चढवतो यांना. त्यात काय एवढं?"

पट्टे त्यांनी बांधले. ते नीट बांधले, तेवढं मी मान्य करतो. काका पुढे सरकले, कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि हलेनासे झाले. त्यांना उभं राहायची सवय होती. मुरलेल्या लिफ्टवाल्यासारखे ते वाट बघत होते, मी त्यांना तोलायची.

साहेबांनी नारिंगी बटण दाबलं.

माझ्या चारही सेन्सरना काकांचं वजन कळत होतं. तो रुसलेला पाय कळत होता. पण मला सांगितलेलं होतं की हा गोलकीपर आहे, आणि तो पार पुढे उभा आहे, म्हणजे त्याला जोरात पळायचं आहे. मी सुटलो. काकांचा डावा पाय मागे गेला, मग उजवा, मग हात कठड्यावरून निसटले आणि ते वरच्या दोरीला लटकले. दोरीवर ताण आला तसा मी बंद पडलो.

त्यांना खरचटलंही नाही. हे वाक्य त्या दिवशी पुष्कळदा बोललं गेलं. "खरचटलंही नाही बघा!" पण दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा एक म्हातारा माणूस भर हॉलमध्ये झुलत होता. पायजमा वर सरकलेला, एक बूट निघालेला, आणि खुर्च्यांवरची माणसं बघत होती. त्या माणसाने आयुष्यभर इतरांना सुखरूप वर नेलं होतं, खाली आणलं होतं.

"काका, घाई कशाला? शर्यत लागलीये का?" साहेब म्हणाले.

माझ्या पडद्यावर त्याच वेळी अक्षरं उमटली: 'वेग चालणाऱ्याने वाढवला आहे.' ती अक्षरं माझी नव्हती. ती कुणीतरी आधीच लिहून ठेवली होती, मी फक्त दाखवली. माझा राग जर कुठे सगळ्यात जास्त साचला असेल तर तो या पडद्यामागे. मला तोंड दिलं आणि त्यात दुसऱ्याचं वाक्य कोंबलं.

मुलगी धावत आत आली तोवर काकांना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. साहेबांनी तिला पडदा दाखवला. "बघा, स्वतःच वेग वाढवला त्यांनी. उत्साहाच्या भरात होतं असं."

ताई दांड्यांपासून मोकळ्या होऊन आल्या. "साहेब, आधी उभं केलं होतंत ना?"

"केलं की!"

ताईंनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि खाली वाकून काकांच्या पायात बूट घातला. बोलल्या काहीच नाहीत. मित्रांनो, ताई मला आवडतात. म्हणून त्यांच्यावरचा राग मला जास्त जड जातो.

"मी घाई केली नाही," काका मुलीला म्हणाले.

"बाबा, तिथे लिहिलंय."

"मी उभा होतो. मी घाई केली नाही."

"मग पट्टा काय आपोआप पळाला? इतके दिवस मी रजा काढून काढून आणतेय तुम्हाला. सगळ्यावर पाणी फिरवलंत. थोडा धीर धरता येत नाही का तुम्हाला?"

काकांनी तोंड उघडलं. एक शब्द जिभेवर ठेवून बघितला, आणि मग गिळून टाकला. नंतर ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे रागाने बघणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. हे तसं नव्हतं. ओळखीच्या माणसाने भर चौकात ओळख नाकारावी आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं, तसं ते होतं.

त्यानंतर मुलीने त्यांना एकदाच आणलं. ते दारातूनच म्हणाले, "मला लटकवू नका." ताईंनी समजावलं, मुलीने विनवलं, मग ती चिडली, मग गप्प झाली. निदान घरातल्या घरात चालावं म्हणून ताईंनी त्यांना हॉलमधली चार पायांची काठी दिली. काठी मांडीवर आडवी घेऊन ते खुर्चीत बसूनच परत गेले.

पुढचे दिवस मी गोलकीपरसारख्या पुष्कळांना पळवलं. आता सगळेच नारिंगी बटण दाबायचे. ताई स्वतः माझ्याजवळ असल्या तर त्या हिरवं दाबायच्या, आणि साहेब घसा खाकरायचे. झिजलेल्या पिवळ्या पावलांवर कुणीतरी कचऱ्याचा डबा आणून ठेवला.

मग एका सकाळी काकांची मुलगी दारात दिसली. एकटी. हातात ती चार पायांची काठी, तिचे रबरी तळवे स्वच्छ धुतलेले.

"आणायची काय गरज होती?" ताई म्हणाल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी काठी घेतली. "काका?"

"गेले."

"अगं..."

"उठलेच नाहीत त्यानंतर. ही काठी पलंगाला टेकून तशीच उभी होती. पडून पडून छातीत कफ झाला." ती बातमी वाचावी तशी बोलत होती. "स्ट्रेचर आमच्या लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने उतरवावं लागलं त्यांना. ती लिफ्ट अजून कण्हते. मी रोज ऐकते, पण मला कळत नाही तिला काय झालंय."

ताईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. "ताई, पुढचं माणूस! उशीर होतोय!"

गोलकीपर नुकताच उतरला होता. बोटांनी गुडघा चाचपत बाकावर बसला होता. माझ्यावर एक आजी चढवल्या जात होत्या. पाय नव्हे, कंबर दुखावलेली होती त्यांची. सोबत सून होती.

"इतकं आवळू नका हो," आजी साहेबांना म्हणत होत्या. "मी काय पार्सल आहे?"

"सासूबाई, जरा गप्प राहा ना."

"गप्पच असते मी. आवळलं की आवाज येतो."

आजींचा चष्मा घरी राहिला होता. पडद्यावर काय लिहिलंय ते दिसावं म्हणून त्या पुढे, अगदी कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. तिथेच, जिथे काका उभे राहायचे. साहेबांनी नारिंगी बटण दाबलं.

मी सुटलो. मित्रांनो, मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. आजी किंचाळल्या, सून त्यांच्याहून मोठ्याने किंचाळली, आणि आजींचे पाय मागे जाऊन त्या दोरीला लोंबकळणार एवढ्यात मला थांबवायचं लाल बटण कुणीतरी इतक्या जोरात दाबलं की कठडा हादरला. ते काकांच्या मुलीने दाबलं होतं. ती कधी धावली ते कुणी बघितलं नाही.

साहेब रुमालाने कपाळ टिपत हसले. "अहो आजी, घाई कशाला? शर्यत लागलीये का?"

आणि माझ्या पडद्यावर उमटलं: 'वेग चालणाऱ्याने वाढवला आहे.'

मुलीने ती अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. मग ती आजींकडे वळली. "आजी, तुम्ही घाई केलीत?"

"अगं बाई, मला कंबर वाकवायला सकाळची दुपार होते. घाई कुठून आणू? मी नुसती उभी होते!"

"मी उभा होतो," मुलगी हळूच म्हणाली. तिचं स्वतःचं नव्हतं ते वाक्य. मग तिने ताईंना विचारलं, "यांनी आत्ता काय दाबलं?"

"मॅडम, तुम्ही बाहेर बसा," साहेब म्हणाले.

"तेव्हा मी बाहेरच होते. म्हणून तुम्ही सांगितलंत ते खरं मानलं. ताई, काय दाबलं?"

ताईंच्या हातात अजून ती काठी होती. "पुढे चालू," त्या म्हणाल्या. "त्याने आधीच्या माणसाचं माप राहतं. आत्ता पट्ट्याच्या लेखी आजी म्हणजे तो मुलगा आहे." बाकावरचा गोलकीपर उठून उभा राहिला.

"आणि बाबांच्या आधी कोण होतं?"

गोलकीपरच म्हणाला, "मीच होतो बहुतेक. मला आठवतंय, मी उतरलो आणि काकांनी मला विचारलं, गोल अडवलेस का रे."

"पडद्यावर जे आलं तेच मी तुम्हाला सांगितलं," साहेब म्हणाले. "यात माझं काय चुकलं? मशीन आहे ते."

"हो, ते मशीन आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "त्याला जे सांगाल ते त्याला खरं वाटतं. तुम्ही त्याला खोटं सांगितलंत, आणि मग त्याचंच बोट धरून मला खोटं सांगितलंत. मी माझ्या बापाचं ऐकलं नाही. तुमचं ऐकलं. आता इथून पुढे या बटणाला तुम्ही हात लावायचा नाही. लावलात तर मी रोज इथे या खुर्चीवर येऊन बसेन. बाबांसाठी राखलेली माझी रजा आता तशीच पडून आहे."

साहेब वेळापत्रकाकडे बघत राहिले. ताई पुढे झाल्या आणि त्यांना म्हणाल्या, "बाजूला व्हा." एवढंच. पण ते झाले. मग ताईंनी कचऱ्याचा डबा पायाने सरकवला आणि पिवळ्या पावलांचे उरलेसुरले डाग दिसले.

आजी खुर्चीत बसल्या होत्या, सुनेचा हात घट्ट धरून. "मी नाही चढणार आता. मेले तरी चालेल."

मित्रांनो, हे वाक्य मी ओळखतो. ते 'मला लटकवू नका'चं सख्खं भावंड आहे. एकदा ते तोंडातून निघालं की माणूस पलंगाकडे निघतो. तिथून पुढे मी त्याला गाठू शकत नाही, कारण मी जागचा हलत नाही.

काकांच्या मुलीलाही ते कळलं. ती आजींसमोर उकिडवी बसली. "आजी, नका चढू. तुम्ही नुसतं बघा. आधी मी उभी राहते. मला पळवलं याने, तर आपण दोघी घरी जाऊ."

"तुला काय झालंय चालायला?"

"मला नाही झालं काही. बघा तर."

तिने बूट काढले. ती माझ्यावर चढली. पट्टे बांधताना ताईंचे हात तिच्या खांद्यावर गरजेपेक्षा थोडे जास्त थांबले. मग ती पुढे सरकली, थेट कठड्यापर्यंत. लिफ्टमध्ये बाप पॅनेलला नाक लावून उभा राहायचा, ते बघत वाढलेलं माणूस असंच उभं राहतं. ताईंनी हिरवं बटण दाबलं.

ती हलली नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी बोध सांगायचा असतो. माझा ऐका. तुमच्या घरात कुणाचा पाय रुसला असेल, जीभ अडखळत असेल, तर त्याला चालवायला घाई करू नका आणि यंत्राच्या तोंडचं वाक्य त्याच्या तोंडच्या वाक्याहून खरं मानू नका. यंत्र चांगलं असतं. मी चांगला आहे. पण मी तोलायच्या आधी तुम्ही मला पळवलंत तर मी कुणाचाही नाही. माणसाला आधी उभं राहू द्या. तो सांगतो ते ऐकायला तेवढाच वेळ लागतो.

मी तिला तोललं. तिचा भार डाव्या पायावर जरा जास्त होता. काकांचा आजारी पडण्यापूर्वी कसा होता ते मला माहीत नाही. कठड्याच्या रबरावर दोन ठिकाणी चकाकी आली होती, तिथे काका मुठी धरायचे. तिने हात बरोबर तिथे ठेवले.

"माप झालं," ताई म्हणाल्या. "चाला."

ती चालली नाही. मीही जागेवर राहिलो. ती हलेपर्यंत मी हलत नाही. हॉलमध्ये आजी, सून, गोलकीपर, ताई, साहेब, सगळे होते, आणि ती त्यांच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती. समोरच्या पडद्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुम्ही घाई केली नव्हती. घाई मला होती."